वाचकांचे प्रश्न : ऑपरेशननंतरचे वजन आणि मनातली भूक

गेल्या अंकात या सदरात लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची, म्हणजे बॅरिअॅट्रिक ऑपरेशनची, माहिती दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत ऑपरेशन कसे करतात असे विचारणारी पत्रे थोडी होती. बहुतेकांनी ऑपरेशननंतरच्या खाण्याविषयी, मनाविषयी आणि घरातल्या माणसांविषयी लिहिले आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगलीत माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वय 43. ऑगस्ट 2019 च्या महापुरात गणपती पेठेतील आमच्या दुकानात पाणी शिरले, सगळा माल गेला आणि दोन महिने आम्ही माधवनगरला नातेवाइकांकडे राहिलो. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत माझे वजन 112 किलोवर गेले. 2022 मध्ये स्लीव्ह ऑपरेशन (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचे) करून घेतले. दीड वर्षात वजन 76 किलोवर आले. आता ते 87 आहे. जेवताना मी आजही लहान वाटीभरच जेवते, त्यामुळे घरच्यांना वाटते की थायरॉइडमुळे वजन वाढत असेल. खरी गोष्ट मलाच माहीत आहे. शाळेतून आल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच भडंग खाते, चहात बुडवून बिस्किटे खाते, डब्यातले बेदाणे येता-जाता तोंडात टाकते. एकदा सुरू झाले की हात थांबत नाही. मग सोमवार आणि चतुर्थीचा कडक उपवास धरून भरपाई करते. वर्षभर डॉक्टरांकडे गेलेले नाही. एवढा खर्च करून, पोट कापून घेऊनही मला जमले नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? जठर परत मोठे झाले असेल का? दुसरे ऑपरेशन करावे लागेल का? (एक भगिनी, विश्रामबाग)

उत्तर : ताई, आपले पत्र वाचताना मी 87 या आकड्यापाशी थांबले नाही, ‘वर्षभर डॉक्टरांकडे गेलेले नाही’ या वाक्यापाशी थांबले. वजन थोडे वाढले म्हणून लाज वाटते, लाजेमुळे तपासणी टळते, तपासणी टळली की कोणी विचारणारे उरत नाही आणि वजन आणखी वाढते. ऑपरेशननंतर मागे सरकलेल्या कितीतरी माणसांची वाट अशीच गेलेली मी पाहिली आहे. म्हणून उपायांकडे वळण्याआधी या लाजेचा हिशेब करू.

112 वरून 76 म्हणजे आपले 36 किलो, साधारण 32 टक्के वजन उतरले होते. आज 87 असताना मूळ वजनाच्या सुमारे 22 टक्के वजन अजूनही उतरलेलेच आहे. स्वीडनमध्ये 1987 पासून हजारो रुग्णांचा पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला आहे. त्यात गॅस्ट्रिक बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचे ऑपरेशन) झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले होते आणि दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर स्थिरावली होती. आपले ऑपरेशन वेगळे आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण तळ गाठल्यावर वजन काहीसे वर येणे हा या उपचाराचा नेहमीचा क्रम आहे, एवढे त्यातून नक्की कळते. आपले वजन त्या मानाने लवकर वाढले आहे, हेही खरे आहे आणि म्हणूनच आत्ता लक्ष घालायला हवे. आपल्याला ‘जमले नाही’ असे मात्र मी म्हणू देणार नाही.

आता जठराविषयी. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. काढलेल्या भागातच भुकेची जाणीव वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होते, म्हणून पहिले वर्ष-दीड वर्ष भूक गप्प असते आणि वजन जणू आपोआप उतरते. पुढे उरलेली नळी काही प्रमाणात सैलावते, शरीरही नव्या परिस्थितीशी जुळवून घेते, वजन घटल्यामुळे रोजचा ऊर्जेचा खर्चही कमी झालेला असतो आणि भूक पुन्हा बोलू लागते. त्यामुळे जठर थोडे मोठे झाले असण्याची शक्यता आहे. पण आपण स्वतःच लिहिले आहे की वाटीभर जेवणाने आजही पोट भरते. म्हणजे जठर आपले काम करते आहे. जे आत जाते आहे ते त्याच्या पहाऱ्यातून निसटणारे आहे.

हा मुद्दा मी थोडा सविस्तर सांगते, कारण ऑपरेशनपूर्वी तो पुष्कळांना नीट समजावून दिलेला नसतो. भाकरी, उसळ, अंडे, पनीर, चिकन असे घट्ट, चावावे लागणारे अन्न अरुंद नळीत काही काळ राहते आणि तृप्तीचा निरोप मेंदूकडे पोहोचवते. भडंग तोंडातच विरघळतो. चहात भिजलेले बिस्कीट तर जवळजवळ पेयच होते. असे पदार्थ नळीतून सहज घसरून खाली जातात, पोट भरल्याची खूण उमटत नाही, आणि दोन घास अडतील तिथे दोन वाट्या सहज जातात. बेदाणे आपल्याकडचा कौतुकाचा जिन्नस आहे, तासगावच्या बेदाण्याचा तर आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण द्राक्षातले पाणी गेले की उरते ती एकवटलेली साखर, आणि शंभर ग्रॅम बेदाण्यांत सुमारे 300 कॅलरी असतात. येता-जाता तीन-चार मुठी तोंडात टाकल्या की तितके बेदाणे होतातच, आणि ‘मी आज किती जेवले’ या हिशेबात ते कधीच धरले जात नाहीत. जेवणाच्या वेळा सोडून दिवसभर थोडे थोडे चरत राहणे ही सवय ऑपरेशननंतर वजन पुन्हा वाढलेल्या रुग्णांत वारंवार आढळते. एका बैठकीत भरपूर खाणे नव्या जठराला शक्य नसते. म्हणून पूर्वी ताट भरून खाणारे मन आता तेच खाणे तुकड्यातुकड्याने वसूल करते.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आपण लिहिले आहे, ‘हात थांबत नाही.’ खाण्यावरचा ताबा सुटल्यासारखे वाटणे, मग खाल्लेले थोडे असो वा जास्त, ही वैद्यकशास्त्राने स्वतंत्रपणे अभ्यासलेली गोष्ट आहे. अमेरिकेत बायपास झालेल्या 361 रुग्णांचा असा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनपूर्वी 61 टक्के रुग्णांना हा अनुभव होता. सहा महिन्यांनी तो 31 टक्क्यांवर आला आणि दोन वर्षांनी पुन्हा 39 टक्क्यांवर गेला. त्यातील एक निष्कर्ष मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते : ऑपरेशनपूर्वी ताबा सुटत होता की नाही, यावरून पुढे किती वजन उतरेल हे सांगता आले नाही, मात्र ऑपरेशननंतर ज्यांचा ताबा सुटू लागला त्यांचे वजन एक आणि दोन वर्षांनी इतरांपेक्षा कमी उतरलेले होते. म्हणजे आपला पूर्वेतिहास काय होता यापेक्षा ही खूण आज दिसते आहे, याला अधिक महत्त्व आहे. ती लपवण्याची गोष्ट नाही. ताप आल्यावर आपण जसे डॉक्टरांना सांगतो, तशी ती सांगायची असते.

आता शाळेतून आल्यावर, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काय घडते ते पाहू. आपण शेवटचे कधी खाल्लेले असते, हे पत्रात नाही. पण शाळेची मधली सुट्टी दीडच्या सुमारास होत असेल आणि डबा वाटीभरच असेल, तर घरी येईपर्यंत चार तास झालेले असतात. वर्गात ओरडून घसा बसलेला, पाय दुखत असलेले, घरी स्वयंपाक वाट पाहतो आहे, आणि दिवसभरात स्वतःसाठी मिळालेली ती पहिली दहा मिनिटे असतात. अशा वेळी भडंगाच्या डब्याकडे जाणारा हात अर्धा पोटाच्या भुकेने जातो आणि अर्धा विसाव्याच्या भुकेने. पुराच्या वर्षी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, उद्याचे काय या चिंतेत असताना खाणे हाच आपला एकमेव आसरा झाला असेल, तर मन ती वाट विसरलेले नाही. शल्यविशारदाने जठराचा भाग काढला. त्या दोन महिन्यांची आठवण काढून टाकणे त्याच्या हाती नव्हते. आपण पत्राची सुरुवात पुरापासून केलीत, वजनापासून केली नाहीत, हे मला फार बोलके वाटले. ते दुःख कोणाजवळ तरी सविस्तर बोलून झाले आहे का? झाले नसेल तर समुपदेशकाकडे जाण्याचे तेवढे कारणही पुरेसे आहे.

उपवासाची भरपाई कृपा करून थांबवावी. श्रद्धेचा उपवास हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही. पण काल जास्त खाल्ले म्हणून आज उपाशी राहायचे, ही शिक्षा आहे, आणि शिक्षेनंतर सुटका झाली की शरीर दुप्पट मागते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि अन्न मोकळे झाल्यावर कित्येकांना पोट भरल्याचे समाधानच होईना. ती माणसे काही हावरट नव्हती. उपाशी शरीर असेच वागते. सोमवारचा निर्जळीसारखा उपवास आणि मंगळवारच्या संध्याकाळचा भडंग यांचे नाते आपण एकदा वहीत लिहून पाहावे. सोबत साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ यांत प्रथिने किती थोडी असतात, हेही आहारतज्ज्ञांकडून समजून घ्यावे. ऑपरेशननंतर रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात, आणि उपवासाच्या दिवशी ती हमखास चुकतात.

करायचे काय? पहिली गोष्ट, पुढच्या पंधरा दिवसांत आपल्या सर्जनची वेळ घ्यावी आणि हे पत्र, असेच्या असे, त्यांच्यापुढे ठेवावे. थायरॉइड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या होतील. वजन वाढवणारे एखादे औषध चालू आहे का तेही पाहिले जाईल. गरज वाटली तर नळीचा आकार तपासतील. त्यानंतरही वजन चढतच राहिले तर औषधे आहेत, आणि काही मोजक्या रुग्णांत दुसरे ऑपरेशनही करतात. मात्र चरण्याची सवय तशीच ठेवून केलेले दुसरे ऑपरेशन पहिल्याच्याच वाटेने जाण्याचा धोका असतो, म्हणून तो विचार सर्वांत शेवटी.

दुसरी गोष्ट, शाळेतून निघण्यापूर्वी किंवा घरी पोहोचताच ठरवून खायचे : मोड आलेल्या मटकीची वाटीभर घट्ट उसळ, उकडलेले अंडे किंवा पनीरचे चार तुकडे, आणि तेही खुर्चीवर बसून, ताटलीत घेऊन, सावकाश चावून. पाणी आणि चहा अर्ध्या तासाने. उभ्याने खाल्लेले मनाच्या खात्यावर जमाच होत नाही, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. भडंग घरात नको असे मी म्हणणार नाही, घरात इतर माणसे आहेत आणि सांगलीत भडंग टाळून राहता येणार नाही. तो आठवड्यातून एखाद्या दिवशी, वाटीत मोजून, सर्वांबरोबर बसून खावा.

तिसरी गोष्ट वहीची. महिनाभर रोज चार रकाने लिहावेत : किती वाजता, काय खाल्ले, पोटात भूक होती का, आणि त्या क्षणी मनात काय होते. चौथा रकाना बहुधा सुरुवातीला कोराच राहील. राहू द्यावा. दहा-बारा दिवसांनी तिथे ‘थकले’, ‘मुख्याध्यापक बोलले’, ‘दुकानाचा हप्ता’ असे शब्द येऊ लागतील, आणि मग कळेल की भडंगाने नेमके कोणते काम अंगावर घेतले आहे. ते काम दुसऱ्या कशावर सोपवायचे, दहा मिनिटे गच्चीवर पाय पसरून बसण्यावर की मैत्रिणीला फोन करण्यावर, हे मी येथून ठरवू शकत नाही. ही वही घेऊन समुपदेशकाकडे गेलात तर पहिल्या दोन भेटींचे काम झालेले असेल.

प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. आमचा गलाईचा (सोने-चांदी गाळण्याचा) व्यवसाय कोइमतूरला आहे, तो तिथेच असतो. वजन 128 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 41, साखर वाढलेली. ऑपरेशनसाठी गेलो तर डॉक्टरांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणायला सांगितली. मुलाला वेड लागलेले नाही. तो रात्री अकराला दुकान आवरून जेवतो एवढेच. या भेटीत काय बोलावे, म्हणजे ते नकार देणार नाहीत? (एक पालक, विटा)

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातील काळजी मला समजते, पण तिथेच मोठी गल्लत आहे. ही भेट परीक्षा नसते. नकार क्वचितच येतो. तीव्र मानसिक आजार आटोक्यात नसेल, दारूचे किंवा अन्य व्यसन जोरात असेल, किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढण्याचा आजार असेल, तर आधी त्यावर उपचार करून मग ऑपरेशन करतात. बाकीच्यांच्या बाबतीत पुढे कुठे आधार लागेल ते या भेटीत शोधले जाते.

ऑपरेशनसाठी येणाऱ्या रुग्णांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 23 टक्के रुग्णांना नैराश्यासारखा मनःस्थितीचा आजार होता आणि सुमारे 17 टक्के रुग्णांना अनावर खाण्याचा आजार होता. म्हणजे ऑपरेशनसाठी रांगेत बसलेल्या चार-पाच माणसांतील एकाला मनाचा काही ना काही त्रास असतोच. आणि असा त्रास आधी असला म्हणून वजन कमी उतरते, असा ठाम पुरावा त्या आढाव्यात मिळाला नाही. उलट ऑपरेशननंतर नैराश्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत घटलेले दिसले. त्यामुळे मुलाने काही लपवण्याचे कारणच नाही. लपवले तर तोटा त्याचाच, कारण दीड वर्षांनी अडचण आली तेव्हा तिचे मूळ कोणालाच ठाऊक नसेल.

रात्री अकराला जेवणे हा धंद्याचा भाग आहे, आजार नाही. पण एक गोष्ट त्याला एकट्याला, मायेने विचारावी. जेवण झाल्यावर झोपेपर्यंत पुन्हा खाणे चालते का, आणि रात्री झोपेतून उठून काही खाल्ल्याशिवाय झोप लागत नाही असे होते का? दिवसभराच्या अन्नातील चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक रात्रीच्या जेवणानंतर पोटात जात असेल, किंवा आठवड्यातून दोन वेळा तरी झोपेतून उठून खाल्ले जात असेल, तर त्याला रात्री खाण्याचा आजार म्हणतात. अॅल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने त्याचे वर्णन 1955 मध्येच केले आहे, आणि त्यावर उपचार आहेत. गावापासून दूर, दोन-तीन मुलांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहणाऱ्या, सणावारालाच विट्याला येणाऱ्या कितीतरी तरुणांचे एकटेपण रात्रीच्या खाण्यात मुरलेले असते. तज्ज्ञांना हे सांगण्याचा संकोच त्याने करू नये.

आणखी एक विचार आपण दोघांनी मिळून करावा. ऑपरेशननंतर मऊ, घट्ट, थोडे थोडे असे दिवसातून पाच-सहा वेळा खावे लागते, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि तपासणीसाठी पहिल्या वर्षी अनेकदा यावे लागते. कोइमतूरच्या मेसच्या डब्यावर हे कसे निभणार? पहिले तीन-चार महिने तो विट्यात, घरच्या स्वयंपाकावर राहू शकेल का? दुकान कोण पाहील? चिठ्ठीपेक्षा या प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत.

प्रश्न : माझ्या पतींचे (वय 46) बायपास ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाले. 44 किलो वजन उतरले, शुगरची गोळी सुटली. पूर्वी ते लग्नसमारंभात कधीतरी घेत. आता आठवड्यातून चार दिवस घेतात, आणि थोडी घेतली तरी लगेच चढते. चिडचिड वाढली आहे. ‘सगळ्यांना वाटते मी बरा झालो, मला आतून काहीच वाटत नाही, जगून काय करायचे’ असे मागच्या महिन्यात दोनदा म्हणाले. वजन छान उतरले असताना असे का व्हावे? (एक वाचक, तासगाव तालुका)

उत्तर : या पत्राचे उत्तर मी आधी खासगीरीत्याही पाठवले आहे. जगण्याविषयी ते जे बोलले ते मनावर घ्यावे. त्यांना सरळ, शांतपणे विचारावे की स्वतःला संपवण्याचे विचार मनात येतात का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. शेतीची औषधे घरात असतील तर ती त्यांच्या हाताशी राहणार नाहीत अशी व्यवस्था आजच करावी. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. धोका जाणवला तर एकटे न सोडता थेट रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

असे का होते, हा आपला प्रश्न रास्त आहे. बायपासनंतर दारू जठराच्या लहान पिशवीतून थेट आतड्यात उतरते आणि रक्तात लवकर व अधिक प्रमाणात पोहोचते. पूर्वी दोन पेग घेऊन जे होत असे ते आता एका पेगात होते, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत दारूच्या समस्येचे प्रमाण ऑपरेशनपूर्वीच्या वर्षी 7.6 टक्के, ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी 7.3 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 9.6 टक्के आढळले. पहिल्या वर्षी सगळे ठीक दिसते आणि दुसऱ्या वर्षी घसरण होते, नेमकी आपल्या घरी झाली तशी. पत्राच्या कडेला आपण लिहिले आहे की पूर्वी दुकानातून आल्यावर ते भजी आणि चहा घेऊन तासभर बसत. तो तास आजही आहे. भजी गेली, दिवसभराचा ताण उतरवण्याचे तिचे काम बाटलीने घेतले, असे होण्याची शक्यता मला मोठी वाटते.

वजन उतरल्यावर सगळे आयुष्य सुधारेल, अशी आशा पुष्कळांनी मनाशी बांधलेली असते. कर्ज तसेच राहते, भावाशी बोलणे बंद असते ते बंदच राहते, आणि ‘आता तरी खूश असायला हवे’ हे दडपण वरून येते. ऑपरेशननंतर स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण काहीसे वाढलेले आढळते, म्हणून डॉक्टर याकडे गंभीरपणे पाहतात. त्यात त्यांची किंवा आपली काही कमतरता नाही. त्यांना नैराश्यावरील गोळ्या पूर्वीपासून चालू असतील तर बायपासनंतर त्या शरीरात पुरेशा शोषल्या जात आहेत का, हेही विचारावे. मात्र कोणतीही गोळी परस्पर वाढवू किंवा थांबवू नये. रोज पिणारा माणूस एकदम थांबला तरी झटके येण्याचा धोका असतो, म्हणून दारूही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी, आणि बी-1 जीवनसत्त्वाची आठवण त्यांना अवश्य करून द्यावी, कारण ते कमी पडले तर मेंदूवर आणि नसांवर परिणाम होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या सुनेचे ऑपरेशन होऊन सात महिने झाले. छान बारीक झाली आहे. पण खाणे अगदी चिमणीसारखे, केस मूठमूठ गळतात. येणारी-जाणारी माणसे विचारतात, ‘आजारी आहे का?’ जीव तुटतो म्हणून मी ताटात थोडे वाढते, तर ती माझ्या मनासाठी खाते आणि आत जाऊन उलटी करते. आता घरात कार्य आहे, पंगतीत तिला काय वाढू? (एक सासूबाई, मिरज)

उत्तर : काकू, आपण विचारलेत, यातच सुनेचे अर्धे काम झाले. केस गळणे तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होते, बहुतेकींचे थांबते आणि केस परत येतात. पण प्रथिने आणि लोह कमी पडत असेल तर ते लांबते, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी. उलटीची गोष्ट मात्र वेगळी आहे. कधीतरी घास अडून उलटी होणे आणि वरचेवर उलटी होणे यांत मोठा फरक आहे. वारंवार उलट्यांनी बी-1 जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर आणि नसांवर होऊ शकतो. डोळ्यांपुढे दोन दोन दिसणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काही दिसले तर उद्याची वाट पाहू नये. तसे काही नसले तरी या आठवड्यात तिच्या सर्जनना भेटावे. आणि ती उलटी अडल्यामुळे होते की ती स्वतः काढते, हे तिला रागावून नव्हे, जवळ बसून विचारावे.

आग्रह हा आपल्या घरांतला मायेचा शब्द आहे. ‘ताटात टाकू नये’ असे ऐकत वाढलेल्या पिढीला वाढलेले अन्न परत उचलणे जड जाते, हे मला माझ्या आईवरून ठाऊक आहे. पण आपल्या सुनेच्या जठरात आता मोजकीच जागा आहे. पोट भरल्याची जी बारीकशी खूण तिला मिळते ती ओळखायला ती शिकते आहे. आपल्या मनासाठी खाल्लेला प्रत्येक जादा घास ती खूण पुसतो. पुढे कधीतरी, दोन-तीन वर्षांनी, तीच खूण तिला वजन राखायला लागणार आहे.

पंगतीच्या दिवशी तिला इतरांबरोबरच बसवावे, वेगळे नको. ताट लहान, वाटी लहान. आधी मटकीची उसळ किंवा घट्ट दही, मग भाजी, जागा उरली तर चतकोर पोळी. बासुंदी किंवा जिलेबी चमचाभर चाखायची तर तिने स्वतः ठरवावे. बायपास झाले असेल तर गोडाने दहा-वीस मिनिटांत धडधड, घाम आणि जुलाबही होऊ शकतात. जेवताना पाण्याचे भांडे भरू नये. तिने हात थांबवला की वाढणाऱ्याला आपणच सांगावे, ‘तिचे झाले.’ आणि कोणी विचारले, ‘आजारी आहे का?’, तर उत्तर तिला द्यावे लागण्याआधी आपण द्यावे.